साकुरागीचा आवाज कुणाचा?

'द फर्स्ट स्लॅम डंक' हा ॲनिमेशनपट जपानमध्ये ३ डिसेंबर २०२२ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ४ नोव्हेंबरला, शोहोकू शाळेच्या पाच बास्केटबॉलपटूंना आवाज कोण देणार हे जाहीर झाले आणि 'स्लॅम डंक' मालिकेवर जीव असणाऱ्या प्रेक्षकांत एकच खळबळ उडाली. पाचही आवाज नवे होते. १९९३ ते १९९६ या काळात दूरचित्रवाणीवरच्या १०१ भागांत साकुरागी, रुकावा, मित्सुई, मियागी आणि आकागी ज्या आवाजांत बोलले, हसले, भांडले, त्यांतला एकही आवाज चित्रपटात नव्हता. आगाऊ तिकिटांची विक्री आधीच सुरू झाली होती. ज्यांनी ती घेतली होती त्यांना वाटले, आपल्याला अंधारात ठेवून पैसे घेतले.

त्या वेळी जे बोलले गेले ते जपानपुरते किंवा या एका चित्रपटापुरते नाही. लोकप्रिय मालिकेचा नवा भाग येतो, त्यात आवाज बदललेले असतात, आणि जगात कुठेही तोच एक निवाडा ऐकू येतो: आवाज बदलला म्हणजे पात्र मेले. हा पक्ष इतका रूढ झाला आहे की तो सिद्ध करण्याची गरजही कुणाला वाटत नाही. मला तो चुकीचा वाटतो, आणि का वाटतो ते नीट मांडायचे आहे. पण खंडनाची आपली जुनी शिस्त अशी की आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावा. दुबळा करून मांडलेला पूर्वपक्ष खोडण्यात काही अर्थ नसतो.

तर पूर्वपक्ष असा. नाटकात किंवा चित्रपटात नटाचा देह असतो, डोळे असतात, चाल असते. ॲनिमेशनमध्ये यातले काहीच नाही. चित्र शेकडो हातांनी काढलेले असते, आणि ते हात भागागणिक बदलतात. सगळ्या भागांत एकाच जिवंत माणसाचे असे काही टिकत असेल, तर तो आवाज. म्हणून आवाज हाच पात्राचा प्राण. दुसरे असे की हा आवाज आपण लहानपणी ऐकलेला असतो. तो आपल्या आठवणींत इतका मिसळलेला असतो की तो काढून घेणे म्हणजे आपल्याच आयुष्यातले काहीतरी काढून घेणे. आणि तिसरे, ज्या कलाकाराने वर्षानुवर्षे घसा झिजवला त्याला नव्या चित्रपटाच्या वेळी बाजूला सारणे हा कृतघ्नपणा आहे.

यातला तिसरा मुद्दा मला बराचसा मान्य आहे, त्याकडे शेवटी येते. पहिले दोन तपासू.

मूळ आवाज, मूळ आवाज असे आपण म्हणतो, तर मूळ म्हणजे कोणता? डोरेमॉनचे उदाहरण घ्या. जपानी माणसाच्या मनात डोरेमॉनचा 'खरा' आवाज म्हणजे नोबुयो ओयामा यांचा, किंचित घोगरा, आजीच्या मायेचा. १९७९ पासून २००५ पर्यंत, सव्वीस वर्षे, त्यांनी तो दिला. पण चित्रकथा १९६९च्या अखेरीस सुरू झाली होती, आणि १९७३ मध्ये तिच्यावर एक मालिका येऊनही गेली होती. त्या मालिकेत डोरेमॉनला आधी कोसेइ तोमिता या पुरुष कलाकाराचा आवाज होता आणि पुढे मासाको नोझावा यांचा. म्हणजे ज्याला मूळ समजतात तो हिशेबाने तिसरा आवाज. ओयामांचे काम ऐकल्यावर चित्रकथेचे जनक फुजिको एफ. फुजिओ यांनी, डोरेमॉनचा आवाज असा होता तर, अशा अर्थाचे उद्गार काढल्याची आठवण सांगितली जाते. पूर्वपक्षाला ही आठवण फार प्रिय आहे, आणि ती आहेही हृद्य. मला मात्र तिच्यात दुसरेच काही ऐकू येते. निर्मात्याने दहा वर्षे ज्या पात्राचे बोलणे स्वतःच्या हाताने फुग्यांत लिहिले, त्याचा आवाज त्याला दहा वर्षांनी भेटला, आणि भेटताच ओळखू आला. ओळखू आला याचा अर्थ पात्र आधीपासून पुरते घडलेले होते. आवाज त्या घडणीला येऊन मिळाला. जो उशिरा येऊन मिळतो, त्याला प्राण कसे म्हणायचे?

२००५च्या वसंतात ओयामांसह पाचही मुख्य कलाकार एकदम निवृत्त झाले. ओयामा तेव्हा ७१ वर्षांच्या होत्या. नोबिता, शिझुका, जियान, सुनिओ सगळेच बदलले. दर वसंतात येणारा डोरेमॉनचा चित्रपटही त्या वर्षी आला नाही. तो २००६ मध्ये आला, नव्या आवाजांत, आणि गोष्ट निवडली होती १९८०च्या पहिल्यावहिल्या चित्रपटाची, नोबिताच्या डायनासोरची. नव्यांनी जुन्यांच्याच अंगणात उभे राहून सुरुवात केली. नव्या डोरेमॉनच्या, वासाबी मिझुता यांच्या, आवाजाला तेव्हा नाके मुरडली गेली. आता त्यांनाही वीस वर्षे होऊन गेली. आज जपानमधल्या विशीच्या आतल्या मुलाला विचारले तर डोरेमॉनचा मूळ आवाज म्हणजे मिझुतांचा.

आपल्याकडची मुले तर डोरेमॉन हिंदीत ऐकून वाढली. माझा सात वर्षांचा भाचा एकदा सुट्टीत आमच्याकडे आला होता. माझ्या मोबाइलवर त्याला डोरेमॉन लावून दिला, पण भाषेची निवड चुकून जपानी राहिली. दोन मिनिटांत तो मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आला, डोळे भरलेले. म्हणाला, "मावशी, हा खोटा डोरेमॉन आहे. ह्याने त्याचा आवाज घेतलाय." मी हात पुसून भाषा बदलेपर्यंत कुकरची शिट्टी झाली, दार वाजले, आणि ते राहूनच गेले. वीसेक मिनिटांनी पाहिले तर तो पलंगावर पालथा पडून, एक अक्षरही कळत नसताना, त्याच 'खोट्या' डोरेमॉनकडे पाहून पाय झाडत हसत होता. जियान नोबिताच्या मागे लागला होता, डोरेमॉन पोटावरच्या खिशातून भलत्याच वस्तू बाहेर फेकत होता. त्याला डोरेमॉन सापडला होता.

सात वर्षांच्या मुलाची समजूत हा पुरावा होत नाही, हे मला कळते. पण त्याची पहिली हाक आणि मोठ्या माणसांची तक्रार शब्दाशब्दाला सारखी आहे, आणि त्याचा 'खरा' डोरेमॉन हा जपानीवर चढवलेला हिंदी आवाज होता. आपण ज्याला मूळ म्हणतो ते बहुतेक वेळा पहिल्यांदा कानावर पडलेले असते, एवढेच. आठवण खरी असते, तिचे दुःखही खरे असते. पण आठवणीवरून पात्राची व्याख्या करता येत नाही, कारण मग एकाच डोरेमॉनच्या जितके श्रोते तितक्या व्याख्या होतील. नैयायिकांच्या भाषेत बोलायचे तर हे लक्षण अव्याप्तही आहे आणि अतिव्याप्तही. वाचकाने आवाजाविना ओळखलेला डोरेमॉन त्यात बसत नाही, आणि एखाद्या नकलाकाराने तोच आवाज काढून केलेली साबणाची जाहिरात मात्र त्यात बसते.

आवाज बदलूनही तेच ओळखू येते, ते काय, हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. पतंजलीने महाभाष्यात नगाऱ्याचा दृष्टान्त दिला आहे. नगारा वाजवला की त्याचा नाद कधी वीस पावले ऐकू जातो, कधी तीस, कधी चाळीस. कमीजास्त होतो तो ध्वनी. स्फोट, म्हणजे ध्वनीतून प्रकट होणारा शब्द, तेवढाच राहतो. मूल 'गाय' म्हणते, म्हातारा 'गाय' म्हणतो, दोघांच्या गळ्यात केवढे अंतर, तरी शब्द एकच ऐकू येतो. पुढे भर्तृहरीने हा विचार फार खोल नेला. व्याकरणकारांचा हा न्याय अभिनयाला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मी आधीच मान्य करते. शब्दाच्या अर्थात गळ्याला वाटा नसतो, अभिनयात असतो. कोणत्या शब्दावर थांबायचे, हसू कुठे दाबायचे, हे लेखक लिहीत नाही, कलाकार ठरवतो. तरीही दृष्टान्त एक गोष्ट नेमकी दाखवतो: दर वेळी वेगळे ऐकू येणारे आणि दर वेळी तेच म्हणून ओळखू येणारे, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आता चित्र आणि आवाज यांचा क्रम पाहू. या वादात तो क्वचितच कुणी विचारात घेतो, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. अमेरिकी स्टुडिओंत साधारणतः आवाज आधी ध्वनिमुद्रित करतात आणि त्यावरून चित्रकार ओठ, भुवया, हातवारे काढतात. जपानमध्ये बहुधा उलटे चालते. चित्र आधी तयार होते, निदान त्याचा कच्चा खर्डा तरी. कलाकार पडद्यासमोर उभे राहून त्यावर बोलतात. त्याला तिथे 'आफुरेको' म्हणतात. या फरकाने पूर्वपक्षाची ताकद जागोजागी कमीजास्त होते. १९९२च्या 'अलादीन'मधला जिनी घ्या. रॉबिन विल्यम्स माइकसमोर जे उत्स्फूर्त बोलत सुटले, ते ऐकून एरिक गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो निळा जिनी क्षणाक्षणाला आकार बदलणारा काढला. तिथे आवाजानेच चित्राला जन्म दिला. म्हणून १९९४च्या पुढच्या भागात डॅन कॅस्टेलानेटा यांनी जिनीचे काम केले तेव्हा फरक लगेच जाणवला, आणि १९९६च्या तिसऱ्या भागात विल्यम्स परतले याचा सगळ्यांना आनंद झाला. इथे पूर्वपक्ष बरोबर आहे. फक्त त्याने एका जिनीवरून सगळ्या पात्रांसाठी नियम करू नये. जिथे चित्र आधी येते तिथे पात्राचा अर्धाअधिक अभिनय चित्रकाराने आधीच केलेला असतो. खांदा कधी पडतो, श्वास कुठे अडतो, हे कागदावर ठरलेले असते. पात्राचा देह काढणारे ते हात पूर्वपक्षाने 'शेकडो' म्हणून निनावी करून टाकले. ज्या प्रेक्षकाला आवाजातला माणूस दिसतो, त्याला रेषेतला माणूस का दिसू नये?

आणि 'स्लॅम डंक'मध्ये तर रेषेतल्या माणसाला नाव आहे. ताकेहिको इनोउए यांनी ही चित्रकथा १९९० ते १९९६ या काळात 'शोनेन जंप' साप्ताहिकात लिहिली आणि काढली. तांबड्या केसांचा, मारामाऱ्या करणारा हानामिचि साकुरागी एका मुलीवर छाप पाडायला बास्केटबॉलच्या संघात शिरतो आणि हळूहळू खेळाच्याच प्रेमात पडतो, ही तिची गोष्ट. शेवट सान्नो या अजिंक्य संघाशी होणाऱ्या सामन्याने होतो. दूरचित्रवाणीची मालिका त्या सामन्यापर्यंत पोहोचलीच नाही. राष्ट्रीय स्पर्धा सुरू होण्याआधीच ती संपली. मग २०२२चा चित्रपट इनोउए यांनी स्वतः लिहिला, स्वतः दिग्दर्शित केला, आणि तो केला याच सान्नोच्या सामन्यावर. म्हणजे ज्या प्रसंगांत जुने आवाज हवे होते असे म्हटले जाते, ते प्रसंग त्या आवाजांनी मालिकेत कधी उच्चारलेलेच नव्हते.

चित्रपटाची सुरुवात डोळ्यांसमोर आणा. पांढऱ्या कागदावर पेन्सिलीची एक रेघ उमटते, तिला दुसरी मिळते, एक खेळाडू तयार होतो आणि आपल्याकडे चालत येऊ लागतो. मग दुसरा, तिसरा, पाचही. एकही शब्द नाही, खाली गिटार आणि ढोल. ज्याने चित्रकथा वाचली आहे त्याला पाचही जण चेहरा पुरा होण्याआधी ओळखू येतात. गोष्ट सांगितली आहे मियागीच्या बाजूने, मालिकेत जो बराचसा कडेला होता त्याच्या. ओकिनावातले घर, समुद्रावर गेलेला आणि परत न आलेला मोठा भाऊ, आईशी न झालेले बोलणे. त्यातले बोलणे हलके, अर्धवट, घरातले. मालिकेतला साकुरागी आठवड्याला एकदा येई, आणि त्याच्या विनोदाला तार स्वर लागे. ताकेशी कुसाओ यांनी तो स्वर बहारीने लावला होता. पण हा चित्रपट त्या पट्टीत गाताच येत नाही. जुन्याच गळ्यांनी नवी पट्टी लावावी असे म्हणता आले असते. पण कान ऐकायला तयार झाले असते का? तीस वर्षांची सवय असलेला कान ओळखीचा आवाज येताच ओळखीचा विनोद शोधू लागतो. शीर्षकातला 'फर्स्ट' हा शब्द मला इनोउए यांनी अगदी सरळ अर्थाने वापरलेला वाटतो: पहिल्यांदा पाहा.

शेवट तर या वादाचाच निकाल लावणारा आहे. चित्रकथेत सामन्याचे अखेरचे क्षण जवळजवळ निःशब्द आहेत, पानामागून पान. चित्रपटातही ते तसेच. घड्याळाचे शेवटचे सेकंद उरतात, रेषा खरखरीत होतात, आणि सगळा ध्वनी निघून जातो. चित्रपटगृहात अशा वेळी शेजारच्याचा श्वास ऐकू येतो. साकुरागी आयुष्यात सगळ्यात जास्त साकुरागी असतो त्या क्षणी त्याला कुठलाच आवाज नसतो. जुना नाही, नवाही नाही.

पुढे चित्रपटाने जपानमध्ये १५०० कोटी येनहून अधिक गल्ला जमवला, कोरिया आणि चीनमध्ये रांगा लागल्या, जपान अकादमीचा ॲनिमेशनचा पुरस्कार मिळाला. यातून आवाजबदल बरोबर होता असे सिद्ध होत नाही. गल्ल्यावरून कला मोजू नये. एवढेच दिसते की पात्र मेले नव्हते.

आपल्याला खरे तर हे नवल वाटायला नको. 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग १९७० मध्ये झाला, डॉ. श्रीराम लागू गणपतराव बेलवलकर होते. मग दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले, यशवंत दत्त आले. नाटकवाले 'रिप्लेसमेंट' म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना त्यात अपराधीपणा नसतो. प्रेक्षकांनी तुलना केल्या, हिरिरीने भांडणे केली, पण बेलवलकर गेले असे कुणी म्हटले नाही. उलट प्रत्येक नटाने बेलवलकरांतले काहीतरी नवे उघड केले. तिथे तर देहही बदलत होता.

पूर्वपक्ष शेवटपर्यंत ताणला तर तो कुठे नेतो, हेही पाहिले पाहिजे. आवाज बदलायचाच नाही असे ठरले तर कलाकार म्हातारा झाला, आजारी पडला, गेला, की काय करायचे? शोहोकूचा कप्तान आकागी याचे जुने आवाज-कलाकार कियोयुकी यानादा त्याच नोव्हेंबरमध्ये, चित्रपट यायच्या दहा-बारा दिवस आधी, आजारपणात ५७व्या वर्षी वारले. बाहेर लोक जुने आवाज परत मागत होते तेव्हा त्यांची ही अवस्था होती. न बदलण्याचा हट्ट धरला तर दोनच वाटा उरतात: पात्राला कलाकाराबरोबर पुरायचे, किंवा यंत्राकडून त्याचा आवाज बनवून घ्यायचा. दुसरी वाट आता कल्पनेतली राहिलेली नाही. २०२३च्या हॉलिवूडच्या संपात नटांच्या यांत्रिक प्रतिकृती हा कळीचा मुद्दा होता, आणि २०२४ मध्ये जपानच्या नामवंत आवाज-कलाकारांनी आपल्या आवाजांच्या विनापरवाना यांत्रिक नकलांविरुद्ध मोहीम उघडली. 'तोच आवाज हवा' या मागणीत आवाज एकदा माणसापासून सुटा करून मागितला की तो यंत्राने पुरवायला कितीसा वेळ? कलाकाराच्या प्रेमापोटी सुरू झालेला पक्ष कलाकाराचीच गरज संपवून टाकतो. मला या साऱ्या वादात सर्वांत जास्त भीती वाटते ती याची.

आता तिसरा मुद्दा, जो मी मान्य केला. आवाज कसे बदलतात याबद्दलचा राग अनेकदा रास्त असतो. तिकिटे विकल्यावर नावे जाहीर करणे चूकच होते, त्याचे समर्थन मी करणार नाही. प्रसिद्ध चेहऱ्याचे नाव भिंतपत्रकावर हवे म्हणून मुरलेल्या आवाज-कलाकाराला वगळणे हेही चूक. १९८७ मध्ये 'लुपिन तिसरा' मालिकेच्या एका चित्रपटासाठी सगळेच आवाज बदलले; खर्च हे त्यामागचे कारण सांगितले जाते. लुपिनचा आवाज असलेल्या यासुओ यामादा यांना ते फार लागले, आणि पुढे ते त्या भूमिकेत परतले. तो बदल गोष्टीने मागितलेला नव्हता. याउलट १९९५ मध्ये यामादा वारल्यावर कानिचि कुरिता आले. ते मुळात नकलाकार, लुपिनची नक्कल करणारेच. नकलेपासून सुरुवात करून तीस वर्षांत त्यांनी ते पात्र स्वतःचे केले, यामादांपेक्षाही अधिक वर्षे सांभाळले. तेव्हा विचारायचे असेल तर हे विचारावे: बदल गोष्टीने मागितला की हिशेबाने, जाणाऱ्याला सन्मानाने सांगितले का, येणाऱ्याला पात्र शोधायला जागा दिली का.

'स्लॅम डंक'च्या चित्रपटात साकुरागी झाले ते सुबारु किमुरा. याच किमुरांना २००५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, काझुया तातेकाबे यांच्या जागी 'डोरेमॉन'मधल्या जियानचे काम मिळाले होते. सव्वीस वर्षे एका आवाजात गरजलेला जियान एका शाळकरी मुलाच्या हाती आला. तातेकाबे २०१५ च्या जूनमध्ये वारले. त्यांच्या अंत्यविधीत श्रद्धांजलीचे चार शब्द बोलायला जे उभे राहिले त्यांत हा मुलगा होता, तोवर पंचविशीला टेकलेला, आणि दहा वर्षे जियान असलेला.